पेटीसमोरची टोळी: जांबोटी भागातलं गांधीलमाश्यांचं एक प्रकरण

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका वस्तीवर एका शेतकऱ्यानं परड्यात सातेरी मधमाश्यांच्या आठ पेट्या ठेवल्या आहेत. वस्तीवर सगळे त्यांना आप्पा म्हणतात, इथंही तेच म्हणतो. भात, थोडी नाचणी, मागच्या चढावर काजू, आणि पाटगावच्या पाहुण्यांचं बघून सुरू केलेला मधाचा जोडधंदा. त्यांनी मला सांगितलेली तक्रार अशी होती : गणपती गेले, पावसानं उघडीप दिली आणि पेट्यांसमोर मोठ्या गांधीलमाश्या यायला लागल्या. आधी एखाद-दुसरी. मग सकाळी ऊन वर आल्यावर केव्हाही बघावं तर चार-पाच. कडेच्या दोन पेट्यांतल्या माश्यांनी बाहेर पडणंच सोडलं होतं. दाराशी नुसत्या गर्दी करून बसायच्या. त्यामुळे आत परागही येईना आणि मधही येईना.

आप्पांचं निदान ठाम होतं. "एक येऊन बघून जातीय सर, आनि मग समद्यास्नी बोलावून आणतीय. टोळी हाय ती." शेजारच्या शेतमालकाचं मत याहून पक्कं होतं. त्यांच्या मते पोळं शोधून रात्री डिझेल ओतायचं, बाकी सगळी पोकळ चर्चा.

या प्रकरणात टोळी आहे की नाही हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नव्हता. सगळे उपाय त्यावरच ठरणार होते. एक गांधीलमाशी खरोखरच बाकीच्यांना घेऊन येत असेल, तर पेटीसमोर चार मारून काही होणार नाही, उद्या दुसऱ्या चार येतील. मग शेजाऱ्यांचं म्हणणं बरोबर, पोळ्यापर्यंतच जायला हवं. पण प्रत्येक जण आपापली वाट शोधून, आपल्यापुरती शिकार करायला येत असेल, तर त्रास देणाऱ्या ठरावीक गांधीलमाश्याच असणार आणि त्या मोजक्या असणार.

आधी ओळख पटवून घेतली. अंग काळं, पोटाच्या पुढच्या भागावर रुंद पिवळा-नारिंगी पट्टा, पुढे शेपटापर्यंत पुन्हा काळं. ही व्हेस्पा ट्रॉपिका. दक्षिण आशियात सगळीकडे सापडते, आणि तिचं आवडतं खाद्य मधमाशी नव्हेच, तर इतर लहान गांधीलमाश्यांची पिल्लं. मधमाशी हा तिचा जोडधंदा, असं म्हणायला हरकत नाही. टोळीनं हल्ला करणारी म्हणून व्हिडिओंतून गावोगाव पोचलेली ती राक्षसी जपानी गांधीलमाशी, व्हेस्पा मँडरिनिया, ही वेगळी. ती भारतात हिमालय आणि ईशान्येकडे आहे, सह्याद्रीत नाही. आप्पांच्या मुलाच्या मोबाइलवर तोच व्हिडिओ होता आणि वस्तीवरच्या टोळीच्या गोष्टीला निम्मं बळ त्यानंच दिलं होतं.

वेळ मात्र तिनं बरोबर साधली होती. या भागात चार महिने पाऊस कोसळतो तेव्हा सातेरीला फुलोरा मिळत नाही. भाद्रपदापर्यंत पेट्या साखरेच्या पाकावर कशाबशा तग धरून असतात. गांधीलमाश्यांचं पोळं याच काळात भरीला येतं, आत पिल्लांची भूक मोठी असते. एकीकडे दुबळी पेटी, दुसरीकडे भुकेलं पोळं.

आता प्रत्यक्ष शिकार. पेटीसमोर हातभर अंतरावर ती हवेत थांबते, तोंड दाराकडे नाही तर परत येणाऱ्या माश्यांच्या वाटेकडे. पराग घेऊन जड झालेली माशी खाली उतरायला लागली की ती तिरकी झेप घेते. बहुतेक झेपा फुकट जातात. बसली, तर माशीला घेऊन जवळच्या पेरूच्या फांदीवर जाते आणि मागच्या एकाच पायानं पानाच्या देठाला उलटी लटकते. बाकीचे पाय माशी फिरवायला मोकळे. आधी डोकं तुटून खाली पडतं, मग पंख, मग पाय, मग अख्खं पोट. उरतो तो छातीचा गोळा. उडण्याचे स्नायू तिथंच असतात, म्हणजे सगळं मांस तिथंच. तो चावून चावून ती वाटाण्याएवढा करते आणि सरळ रेषेत, काजूच्या बांधाकडे निघून जाते. पेरूखाली सकाळभरात नुसत्या पंखांचा आणि पोटांचा सडा पडलेला असायचा. पोटात मधाची पोटली तशीच भरलेली. मुंग्या तिच्यासाठी रांग लावून.

या सगळ्यात एकीनं दुसरीला मदत केली असं एकदाही दिसलं नाही. उलट एक झेप घ्यायच्या बेतात असली की दुसरी मध्ये घुसायची, दोघी एकमेकींना धडकून जमिनीवर लोळायच्या आणि तेवढ्यात मधमाशी आत जायची. टोळी असती तर इतकी बेशिस्त टोळी पंचक्रोशीत दुसरी नसती.

खरा उलगडा ठिपक्यांनी केला. जाळीत पकडलेली गांधीलमाशी बर्फाच्या डब्यात थोडा वेळ ठेवली की सुस्तावते. तेवढ्यात छातीवर रंगाचा ठिपका देता येतो. रंग आप्पांच्या सुनेच्या डब्यातला, म्हणजे नेलपॉलिश : गुलाबी, पांढरा, लाल, एक चंदेरी. (हे घरी कुणी करून बघू नये. जाड हातमोजे आणि पकडीचा सराव नसेल तर डंख ठरलेलाच.) ठिपका दिलेल्या गांधीलमाश्या शुद्धीवर आल्या, उडाल्या, आणि दुसऱ्या सकाळी त्यातल्या बहुतेक पुन्हा त्याच पेट्यांसमोर हजर. गुलाबी कडेच्या पेटीवर, चंदेरी तिच्या शेजारच्या. गोळा घेऊन गेलेली पांढरी थोड्या वेळानं रिकामी परत, पुन्हा गोळा, पुन्हा परत. सकाळभर पेट्यांसमोर जी वर्दळ दिसायची तिच्यातला मोठा भाग याच मोजक्या नेहमीच्या गिऱ्हाइकांचा होता. माणूस दर खेपेला नवी गांधीलमाशी आली असं समजत होता. खरं तर तीच परत येत होती. ठिपक्याशिवाय हे कळायला मार्ग नाही, कारण आपल्याला सगळ्या सारख्याच दिसतात.

ठिपका नसलेल्याही अधूनमधून येत. त्या कशा आल्या? इथं थोडं थांबलं पाहिजे, कारण आप्पांच्या म्हणण्यात तथ्याचा एक धागा आहे.

गांधीलमाश्यांमध्ये मधमाशीसारखा नाच नाही. अमुक दिशेला, अमुक अंतरावर अन्न आहे, असं सांगण्याची सोय त्यांच्यात सापडलेली नाही. पण एक जिथं उतरली आहे तिथं दुसरीचं लक्ष जातं. आठवडी बाजारात एका गाड्याभोवती चार माणसं दिसली की आपणही डोकावतो, तसं. दुसरी गोष्ट वासाची. घरी आणलेल्या गोळ्याचा वास पोळ्यातल्यांना मिळतो, आणि युरोपातल्या काही जातींवर झालेल्या प्रयोगांत असा वास मिळालेल्या गांधीलमाश्या बाहेर पडल्यावर त्याच वासाचं अन्न शोधताना दिसल्या. जर्मन गांधीलमाशी, व्हेस्पुला जर्मानिका, हिच्यावरच्या २०१९ सालच्या संशोधनात तर पोळ्यात पोट आपटून केलेली टकटक ही 'अन्न आलंय, बाहेर पडा' अशी दवंडी असल्याचं दाखवलं आहे. मात्र ही दवंडी बाहेर पडायला सांगते, कुठं जायचं ते सांगत नाही. म्हणजे बातमी पोचते, पत्ता पोचत नाही. आणि पत्ता सापडल्यावर प्रत्येक जण आपल्यापुरतीच शिकार करते.

ठळक अपवाद आहे तो वर आलेल्या राक्षसी गांधीलमाशीचा. जपानच्या मासातो ओनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली नेचर या नियतकालिकात दाखवलं, की तिची एखादी शिकारीण सापडलेल्या पेटीजवळ पोटाच्या सहाव्या कड्याखालच्या ग्रंथीतला स्राव पुसून खूण करते. त्या वासावर तिच्याच पोळ्यातल्या इतर जणी येऊन जमतात. मग एकेक माशी उचलून नेणं थांबतं, आणि दाराशी उभं राहून नुसती कत्तल सुरू होते. तीसेक गांधीलमाश्या काही तासांत तीस हजार युरोपीय मधमाश्यांची वसाहत संपवू शकतात. मेलेल्या माश्यांकडे त्या तेव्हा बघतही नाहीत. सगळ्या मेल्या की आत शिरून पिल्लं न्यायची. ही खरी सामुदायिक शिकार. आप्पा सांगत होते ती नेमकी हीच गोष्ट, फक्त जांबोटीच्या गांधीलमाशीला ती लागू नव्हती. तिच्यात खूणही दिसली नाही, कत्तलही नाही. पेटीत शिरण्याची हिंमतही या मुक्कामात एकीनंही केली नाही.

मग गांधीलमाश्यांचं सहकार्य गेलं कुठं? ते गोठ्यात सापडलं.

आप्पांच्या गोठ्याच्या वाशाखाली लहान तांबूस गांधीलमाशीचं एक पोळं होतं, रोपालिडिया मार्जिनाटाचं. कागदासारखं, उघडं, देठावर लटकणारं. बेळगाव-खानापुरात अशी पोळी घरोघर असतात. कर्नाटकात या जातीवर जगात कुठं झालं नसेल एवढं काम झालं आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दशकानुदशकं हीच माशी निरखली. गदगकर आणि एन. व्ही. जोशी यांनी १९८३ साली या पोळ्यातल्या माद्यांच्या वागण्यावरून तीन तऱ्हा सांगितल्या : बसून राहणाऱ्या, भांडणाऱ्या आणि बाहेर जाऊन आणणाऱ्या. गंमत म्हणजे राणी या बसून राहणाऱ्यांत मोडते. कुणावर दरारा नाही, दमदाटी नाही. पोळ्यातली ढकलाढकली कामकरी माद्याच आपसांत करतात, आणि कुणी बाहेर जायचं हे त्या रेट्यावर ठरत जातं.

शिकार मात्र इथंही एकटीचीच. एक मादी कोबीच्या वाफ्यावरून हिरवी अळी घेऊन येते, अळीचा आधीच गोळा झालेला असतो. पोळ्यावर टेकताच दोन-तीन जणी तिला गाठतात आणि गोळा ओढून वाटून घेतात. आणणारी बहुधा रिकाम्या तोंडानं परत निघते. वाटून घेतलेलं मांस पिल्लांच्या तोंडी जातं, कारण मोठीची कंबर इतकी बारीक की घन पदार्थ तिच्या पोटात उतरतच नाही. बदल्यात पिल्लू लाळेचा गोड थेंब देतं आणि तो मोठी पिते. आणणारी वेगळी, वाटणारी वेगळी, भरवणारी वेगळी, आणि पचवून परत देणारी सगळ्यांत लहान. सामाजिक गांधीलमाशीचं 'मिळून' असतं ते हे. रानात ती एकटी असते, घरी आल्यावर समाजाची होते.

(निपाणीच्या तंबाखूवाल्यांनी एक गोष्ट ऐकून ठेवावी. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात १९५०च्या दशकात तंबाखूवरच्या अळीसाठी शेताकडेला लाकडी पेट्या टांगून पोलिस्टिस गांधीलमाश्यांना मुद्दाम घर करून देत. आपण मात्र गोठ्यातलं पोळं दिसलं की आधी काडी ओढतो.)

या गोठ्यातल्या पोळ्यावर एका दुपारी काळी-पिवळी मोठी आली. एकटीच. आणि लहान गांधीलमाश्या, ज्या माणसानं वाशाला हात लावला तर तोंडावर येतील, त्या निमूट पोळ्याच्या पाठीमागे सरकल्या, काही उडून गेल्या. मोठीनं कोषांवरची पांढरी टोपणं एकेक करून कुरतडली, आतली पिल्लं ओढली, चावून गोळा केला, गेली, परत आली. पोळं रिकामं होईपर्यंत. एवढ्या मोठ्या शत्रूशी लढण्यापेक्षा मोठ्या माद्या वाचवून नवं पोळं बांधणं त्यांना परवडत असावं. शेजारच्या वाशावर पुढे चार कप्प्यांचं नवं पोळं दिसलं, ते त्याच माद्यांनी बांधलं असावं. यावरून पेटीसमोरचं चित्रही स्पष्ट झालं. ज्या शिकारणीला एकटीनं अख्खं घर लुटता येतं, तिला टोळी करायची गरजच काय?

सामुदायिक शिकार या परड्यात होत होतीच, पण ती मधमाश्या करत होत्या. मधल्या एका भरलेल्या पेटीवर, गुलाबी ठिपकेवाली दाराच्या फळीला फारच जवळ आली. दाराशी बसलेल्या माश्यांनी आधी अंग हलवून एक लाट उठवली. सातेरीची ही सवय आहे. चीनमधल्या संशोधकांनी २०१२ साली तिचा अर्थ 'तू दिसलीस, आता जा' असा लावला होता. ती गेली नाही. पुढचं डोळ्यांना नीट दिसलंच नाही इतकं पटकन झालं. एक चिकटली, दहा चिकटल्या, मग फळीवर मोठ्या लिंबाएवढा माश्यांचा गोळा आणि आतून बारीक गुरगुर. कुणी डंख मारत नव्हतं. सगळ्या उडण्याचे स्नायू नुसते थरथरवत होत्या. ओनो यांच्या मोजमापात जपानी सातेरीच्या अशा गोळ्याच्या आत सुमारे ४७ अंश सेल्सिअस तापमान भरलं. राक्षसी गांधीलमाशी ४४ ते ४६ अंशांना मरते, मधमाशी ४८ ते ५० पर्यंत निभावते. मधल्या दोन-तीन अंशांवर सगळी लढाई. २००९ साली जपानमध्येच असंही दाखवलं गेलं की गोळ्यात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे गांधीलमाशीची उष्णता सोसण्याची मर्यादा आणखी खाली येते. परड्यातला गोळा हळूहळू सुटला तेव्हा आत गुलाबी ठिपका होता, पाय आवळलेले. आप्पा तिला काडीनं उलटी करून म्हणाले, "उकडून काढली की हिला."

कडेच्या दोन पेट्या हे करू शकत नव्हत्या. गोळा करायला माणूसबळ लागतं, आणि तेच तिथं उरलं नव्हतं.

आता उपाय. टोळी नाही हे ठरल्यावर उपाय स्वस्त झाले. पहिलं, आठही पेट्यांच्या दारावर पट्टी ठोकून एक माशी जेमतेम जाईल एवढी फट ठेवली. दुसरं, दोन दुबळ्यांपैकी एकीची राणी काढून, मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून दोन्ही पेट्या एकीवर एक चढवल्या. माश्या कागद कुरतडून पलीकडे जाईपर्यंत वास एक होतो आणि भांडण होत नाही. पाक द्यायचा तो संध्याकाळी, आणि पेटीच्या आतच, बाहेर सांडू न देता. तिसरं, डासांची बॅट. हा काही कुठल्या पुस्तकातला उपाय नव्हे, पण पेटीसमोर एका जागी तरंगणाऱ्या गांधीलमाशीवर ती छान चालते. मारायच्या त्या फक्त पेटीसमोर हमखास दिसणाऱ्या. बाभळीवर रस खाणारीच्या मागे धावायचं नाही.

पांढरी, लाल, चंदेरी गेल्या आणि परडं लक्षात येण्याइतकं शांत झालं. नव्या आल्या, पण एखाद-दुसरी, आणि पुन्हा जम बसवायला त्यांना वेळ लागला. दुबळी जोडपेटी दसऱ्याच्या आसपास पराग आणायला लागली. एका परड्यावरून सगळ्या तालुक्याचा निष्कर्ष काढू नये. तिथं पोळं एकच होतं आणि फार मोठंही नसावं. पण ठिपकेवाल्या गेल्यावर गर्दी ओसरली, हे टोळीच्या गोष्टीत बसत नाही.

पोळं सापडलं ते गोळे नेणाऱ्यांच्या रेषेवरून, काजूच्या बांधात, जुन्या वारुळाच्या पोकळीत. तोंड जमिनीलगत आणि दोन पावलांवरून बायकांची गवत आणायची पायवाट. मी आणि आप्पांनी वाट वळवून काटेरी फांद्या लावायचं ठरवलं. शेजाऱ्यांना ते पटलं नाही. एका रात्री त्यांनी आणि त्यांच्या भाच्यानं बॅटरी लावून डिझेल ओतलंच. बॅटरीच्या उजेडावर जी झुंड बाहेर आली ती दोघांच्या तोंडामानेवर तुटून पडली. भाच्याला रात्रीच खानापूरला दवाखान्यात न्यावं लागलं. एकीनं डंख केला की त्या विषाबरोबरच्या वासानं बाकीच्या चवताळतात. पोळ्याशी त्या खरोखरच एकजुटीनं लढतात. माणसाची आणि गांधीलमाशीची गाठ बहुतेक वेळा पोळ्याशीच पडते, त्यामुळे तिची आठवण झुंडीचीच राहते आणि पेटीसमोर एकटी दिसली तरी मागे टोळी असणार असं वाटतं. शेजारी अजून म्हणतात, बघा, टोळी होती की नाही. त्या रात्रीपुरतं त्यांचं खरंच आहे.

पुढच्या वर्षी श्रावण सरतानाच दाराच्या पट्ट्या लावायच्या असं आप्पांनी ठरवलं आहे. सुतारानं कापून दिलेल्या पट्ट्या माळ्यावर आहेत. फक्त एवढ्या बारीक फटीतून नर बाहेर पडत नाहीत, आतच मरून दार तुंबतं. त्यामुळे नर निघण्याच्या दिवसांत पट्टी वर सरकवता येईल अशी दोन खिळ्यांची खाच त्यांनी आत्ताच करून घेतली आहे.